माझ्या बाजूला वास येत नाही

३ एप्रिल, सकाळी

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची अकराव्या पानावर थांबली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडणार आहे, आणि माझ्या हातून.

परिस्थिती थोडक्यात. घरामागे सूनबाईचं ग्रीनहाऊस, चाळीस पावलं लांब. दोन हंगाम टोमॅटोची रोपं उभ्याउभ्या माना टाकून गेली. सूनबाईने एक उपटून दाखवलं. मुळांना गाठीच गाठी, जुन्या सुतळीला पडतात तशा. मातीत डोळ्यांना न दिसणारे किडे आहेत, सूत्रकृमी. इकडे चिरंजीवांना कंपनी शहरात वाढीव पगाराची जागा आणि फ्लॅट देते आहे, चौथ्या मजल्यावर. काल जेवताना ठरलं : हाही हंगाम गेला तर ग्रीनहाऊस मोडायचं आणि सगळ्यांनी फ्लॅटवर जायचं.

चौथ्या मजल्यावर माती नसते. दोनदा पाणी प्यालो.

३ एप्रिल, रात्री

शेतीसल्ला देणाऱ्या बाईंनी सूनबाईला एक छापील पत्रक दिलं आहे. विषारी औषध वगैरे काही नाही. मातीत गव्हाचा कोंडा मिसळायचा, भरपूर पाणी द्यायचं, वर प्लास्टिक घालून एकवीस दिवस घट्ट झाकायचं. आत कोंडा कुजतो, हवा संपते, किडे मरतात. साधं काम. मी म्हटलं, अर्धा भाग माझा. सूनबाईने चिरंजीवांकडे पाहिलं, चिरंजीवांनी पंख्याकडे. पंखा बंद होता.

पश्चिमेचा अर्धा भाग मला मिळाला. पूर्वेचा तिचा. मध्ये जमिनीत रोवलेला पत्रा.

पत्रक लगेच ग्रीनहाऊसच्या दारावर लावलं. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्क होतो, नोटिसा बोर्डावर मीच चिकटवायचो. पिठाची खळ, चांगली शिजवलेली. आपण लावलेली नोटीस पावसाने भिजली तरी कोपरा उचलत नसे. पत्रकावर पाच पायऱ्या आहेत. खाली कोपऱ्यात एक छोटा बाण आहे, छपाईची नक्षी असावी.

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, बाबा, पत्रक कुठं ठेवलंत? दाखवलं. तिने नखाने कोपरा खरवडून पाहिला. निघेना. म्हणाली, जाऊ दे, मला पाठ आहे. म्हटलं, मलाही.

५ एप्रिल

कोंडा पसरला. सूनबाईचा भाग दहा वाजेपर्यंत संपला. माझा चालू आहे. तिची कामाची पद्धत यंत्रासारखी, माझी मन लावून.

मध्येच थांबलो, कारण पाचवीच्या वर्गातली मातीची कविता आठवली. आमच्या ऑफिसची भिंत पाचवीच्या वर्गाला लागून होती. मराठीच्या बाई कविता चालीवर म्हणायच्या आणि मी हजेरीपत्रक बाजूला सारून ऐकायचो. दुसरं कडवं सुरू झालं की हेडमास्तर हाक मारायचे. त्यामुळे माझ्याकडे शंभरेक कवितांची पहिली कडवी आहेत. एवढा साठा आज किती जणांकडे असेल?

हे मी जेवताना सांगितलं. आमची ही म्हणाली, यांच्याकडे सगळ्याचं पहिलंच कडवं असतं.

कोंडा उद्या सकाळी नक्की पूर्ण.

६ एप्रिल, दुपारी

कोंडा पूर्ण. शेवटच्या दोन ओळी सूनबाईनेच केल्या, तिला घाई होती म्हणून. पाणी दिलं. माती पायाखाली लापशीसारखी झाली. प्लास्टिक अंथरलं, कडा मातीत दाबल्या. सूनबाईने माझ्या कडांवरून पुन्हा एकदा पाय फिरवला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग ती म्हणाली, बाबा, आता एकवीस दिवस उघडायचं नाही. सत्तावीस तारखेपर्यंत. मी म्हटलं, अगं, मला काय शाळेतल्या पोरासारखं सांगतेस? ती म्हणाली, नाही, पोरं ऐकतात.

प्लास्टिक ताणलेलं, आतून घामेजलेलं. पाहवेना. दोन ओळी सुचल्या :

मातीवर कुणी पांघरूण घातले,
आतले श्वास आतच राहिले

तिसरी येता येता राहिली. उद्या येईल.

९ एप्रिल

तिसरी ओळ नाही. माती गुदमरते आहे आणि आपण बाहेर खुर्चीवर. किडे मरायला हवेत हे मान्य. पण मातीचा काय दोष?

संकल्प : प्लास्टिककडे सत्तावीस तारखेपर्यंत बघायचंसुद्धा नाही.

१० एप्रिल, दुपारी

सूनबाई नर्सरीत रोपांचं बघायला गेली होती. ही पडली होती. दाराजवळचा एक कोपरा वीतभर उचलला. पाच मिनिटं. उघडणं वेगळं आणि कोपरा उचलणं वेगळं. शाळेतसुद्धा खिडकी अर्धी उघडली तर तिला उघडी म्हणत नसत.

आतून उबदार, गोडसर वाफ आली. माती खूश वाटली. कोपरा परत दाबला, वर वीट ठेवली.

हे एकदाच.

११ एप्रिल

दहा मिनिटं.

१३ एप्रिल

पूर्वेकडून भयंकर वास सुटला आहे. तुंबलेलं गटार आणि त्यात नासलेली अंडी. सूनबाईच्या हातून काहीतरी चुकलं, हे उघड आहे. मला वाईट वाटलं. तिला मात्र त्याचं काहीच नाही. सकाळी पत्र्याशी उभी राहून तिने लांब श्वास घेतला, बागेत घेतात तसा. मग माझ्या बाजूला आली, वाकून वास घेतला आणि कपाळाला आठ्या पाडल्या. म्हणाली, बाबा, इथे काहीच वास नाही. म्हटलं, नाहीच येणार. ती म्हणाली, तुम्ही प्लास्टिकला हात लावला नाहीत ना? मी म्हटलं, मी कशाला उघडू? हे शब्दशः खरं आहे.

तिने तरी माझ्या सगळ्या कडा पुन्हा दाबल्या. संशयी स्वभाव. माहेरचा असावा.

१४ एप्रिल

शेजारचे शिंपीमास्तर नाकाला रुमाल लावून आले. म्हणाले, गिऱ्हाइकं ट्रायलला थांबत नाहीत, बाह्या न मोजताच जातात. मी त्यांना आत नेऊन समजावलं : हा वास सुनेच्या बाजूचा आहे. माझ्या बाजूला या, काही कळणार नाही. त्यांनी माझ्या बाजूला रुमाल काढला, मान डोलावली. म्हणाले, तुमचं काम स्वच्छ आहे. कारागिराला कारागिराची पारख असते.

१७ एप्रिल

रोज वीस मिनिटं. स्टूल आत नेऊन ठेवलं आहे. कोपरा उचलून मातीला पहिली कडवी म्हणून दाखवतो. माझ्या प्लास्टिकखाली दोन हिरवी पातीही फुटली आहेत. पूर्वेला एक नाही. तिकडे सगळं काळंठिक्कर आणि मेलेलं.

सूनबाईला सांगावं का, की तिची बाजू हातची गेली? नको. तिला धक्का बसेल. पूर्वेचं गेलं तरी पश्चिमेवर हंगाम निघेल. फ्लॅट टळेल. एवढं मोठं काम आपल्या वाट्याला आलं, याचा गर्व करायचा नाही.

२१ एप्रिल

थोडा गर्व केला. जेवताना म्हटलं, काही जणांची माती हसते, काही जणांची कुजते. चिरंजीवांनी जेवण थांबवून सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, बाबा, सत्तावीस तारखेला बघू. ही म्हणाली, तुमच्या चपलांना रोज दुपारी ओली माती कशी लागते, तेही त्याच दिवशी बघू.

२७ एप्रिल

उघडलं. पूर्वेची माती काळी निळसर, वासाने डोळ्यांत पाणी. माझी तांबूस, भुसभुशीत, हातात घ्यावीशी. घेतली. सूनबाई माझ्या वाफ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटतं, कौतुक करायला जड गेलं.

आता परीक्षा. सहा रिकामे डबे, तळाला भोकं. तीन डब्यांत तिची माती, तीन डब्यांत माझी. तिच्या डब्यांना लाल टेप, माझ्या डब्यांना हिरवी. रंग मी निवडले. प्रत्येकात काकडीची दोन इवली रोपं. बारा मे रोजी उपटून मुळं पाहायची. गाठी असल्या तर माती रोगट, नसल्या तर स्वच्छ. चौदाला नर्सरीतून टोमॅटोची रोपं येणार. ती पुढे ढकलता येत नाहीत. नर्सरीत पुढच्या गिऱ्हाइकांची रांग आहे.

पंधरा दिवस. मला चिंता नाही.

२ मे

सगळी रोपं छान. माझी किंचित जास्त हिरवी.

६ मे

माझी दुपारी थोडी वाकतात. संध्याकाळी उभी राहतात. मीही तसाच आहे.

७ मे

लाल डब्यांतली रोपं दुपारी बारालासुद्धा सैनिकांसारखी. हिरव्या डब्यांतली सहाही मान टाकून. माझे डबे जास्त उन्हात येत असावेत. जागा बदलून पाहिली.

७ मे, संध्याकाळी

उन्हाचा संबंध नाही.

८ मे, शुक्रवार, दुपारी

जे केलं ते शांतपणे लिहितो. सूनबाई नर्सरीत होती. ही पडली होती. लाल टेप माझ्या डब्यांना लावल्या, हिरव्या तिच्या डब्यांना. टेपचा गोंद गेला होता, म्हणून थोडी खळ शिजवून पक्क्या केल्या.

यात फसवणूक नाही. पूर्वेच्या मातीचा एवढा वास येत होता की ती रोगट असणार, हे शिंपीमास्तरसुद्धा सांगतील. डब्यांतच काहीतरी उलटसुलट झालं असणार. मी फक्त ते सुलट केलं.

हाताला खळ वाळली आहे. पेन चिकटतं.

९ मे

सकाळी चहा घेताना सूनबाईने योजना सांगितली. जी माती स्वच्छ निघेल, तिथे चौदाला टोमॅटो. दुसरी बाजू पुन्हा एकवीस दिवस झाकायची. अर्धं पीक तर अर्धं, पण हंगाम निघेल.

मी विचारलं, आणि चुकून रोगट मातीत रोपं लागली तर? सहज विचारलं. ती म्हणाली, तर पंचवीस दिवसांत सगळी झोपतील. मग काय, फ्लॅट.

म्हणजे टेपप्रमाणे ती रोपं माझ्या बाजूला लावणार, आणि तिची बाजू झाकणार.

बिस्कीट चहात पडलं. काढलं नाही.

९ मे, दुपारी

निर्णय : टेप परत बदलायच्या. मोठेपणा कशात असतो, तर याच्यात. सूनबाई बाहेर पडली की लगेच.

ती बाहेर पडली नाही.

१० मे

डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवले आहेत. का, विचारलं. ही म्हणाली, सकाळचं ऊन चांगलं येतं म्हणून. मग ती तिथेच स्वेटर विणत बसली. मे महिन्यात.

दुपारी ती आंघोळीला गेल्यावर एक टेप सोडवायला घेतली. निघेना. नखाने, चमच्याने, मग सुरीने. टेपचा कागद फाटेल पण खळ सुटणार नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या खळीचा राग आला. तेवढ्यात ही आली. मी हातातल्या सुरीने एक बटाटा सोलला. ती म्हणाली, पिठाच्या डब्यात कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत. मी म्हटलं, मुंग्या असतील. ती म्हणाली, पाच बोटांच्या?

११ मे

आज सांगायचं. सकाळी नको, सूनबाईला घाई असते. दुपारी नको, ऊन असतं. संध्याकाळी चिरंजीव आले, त्यांनी फ्लॅटचा कागद टेबलावर ठेवला. पंधरा तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. सूनबाई त्या कागदावर हात ठेवून बसली होती, उडू नये म्हणून ठेवतात तसा. वारा नव्हता.

मी म्हटलं, मला एक सांगायचंय. सगळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, जेवण छान झालं होतं.

उद्या.

१२ मे, सकाळी

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. सगळे भोवती. सूनबाईने एक लाल डबा उलटा केला, मुळं पाण्यात हलवली, कागदावर ठेवली. गाठीच गाठी. मग हिरवा. मुळं पांढरी, विणायच्या दोऱ्यासारखी, स्वच्छ.

चिरंजीव म्हणाले, म्हणजे बाबांची बाजू चांगली निघाली?

या वाक्याची मी एकवीस अधिक पंधरा दिवस वाट पाहिली होती. ते कसं ऐकायचं, चेहरा कसा ठेवायचा, सगळं ठरलं होतं. मग सूनबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, तिने मुळांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी सुरुवात केली. म्हटलं, शाळेत एकदा दोन तुकड्यांची हजेरीपत्रकं बदलली गेली होती, आणि अख्खा महिना कुणाच्या लक्षात आलं नाही... इथपर्यंत चांगलं जमलं होतं. पुढे सुचेना. म्हणून नुसतं म्हटलं, टेप मी बदलल्या. कोपराही उचलायचो. रोज.

सूनबाई म्हणाली, माहितीय.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, टेपचं शुक्रवारपासून. तुमच्या हिरव्या डब्यांना एकदम माझ्या बाजूचा वास यायला लागला. टेप बदललीत बाबा, वास कुठून आणणार होतात? आणि टेपला खळ कोण लावतं?

चिरंजीवांनी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, बाबा सांगतील म्हणून थांबले होते.

मी स्वतःहून सांगितलं, याची इथे नोंद असावी.

१२ मे, दुपारी

सूनबाईने किटलीची वाफ देऊन दारावरचं पत्रक सोडवलं. पाऊण तास लागला. मागच्या बाजूलाही छापलेलं आहे. सहावी पायरी : चार-पाच दिवसांत दुर्गंधी येते, ही काम नीट चालल्याची खूण समजावी. सातवी : दुर्गंधी न आल्यास आत हवा जात आहे. आठवी : कोणत्याही कारणाने कोपरा उचलून पाहू नये.

कोपरा हा शब्द छापलेला आहे.

१३ मे

माझी बाजू पुन्हा झाकली. कोंडा सूनबाईने आणि हिने पसरला. मी दारात उभा राहून पोती मोजली. दोनच होती.

१४ मे

रोपं आली. अर्धी पूर्वेला लागली. उरलेली नर्सरी परत घेईना, म्हणून शिंपीमास्तरांच्या कुंपणाला गेली. ती मान वर करून उभी आहेत. मी तिकडून जात नाही.

रात्रीच्या जेवणात हिशेब स्पष्ट झाला. अर्ध्या पिकावर घर चालणार नाही. फ्लॅटला चिरंजीव हो कळवणार, पण एकटेच जाणार आणि रविवारी येणार. आम्ही इथेच, एक हंगाम. सूनबाईने त्यांच्या ताटात वाढलं आणि वाढतच राहिली. ते म्हणाले, अगं बास. मी मान खाली घालून जेवलो.

१७ मे, रविवार

चिरंजीव गेले. जाताना पाया पडले आणि म्हणाले, बाबा, कोपऱ्याची काळजी घ्या. मी म्हटलं, कोणत्या? ते म्हणाले, सगळ्याच.

१८ मे

ग्रीनहाऊसला कुलूप आहे. चावी हिच्या चष्म्याच्या दोरीला. माझं स्टूल स्वयंपाकघरात आणलं आहे, भाजी चिरायचं काम मला मिळालं. खिडकीतून पश्चिमेची बाजू दिसते.

चिरताना वास आला. आधी वाटलं, भाजी. मग नाही. तुंबलेलं गटार, नासलेली अंडी, सगळं जसंच्या तसं. सूनबाई पळत बाहेर गेली आणि कुंपणाशी उभी राहून हसली. खूप दिवसांनी. शिंपीमास्तर नाकाला रुमाल लावून आले आणि खिडकीशी थांबले. म्हणाले, अहो, आता हा कुणाच्या बाजूचा?

म्हटलं, माझ्या.

दुपारी हिला म्हटलं, चावी दे जरा, पाच मिनिटं. जवळून एकदा वास घेतो, कोपऱ्याला हात लावत नाही. तिने कांद्यांची टोपली पुढे सरकवली.